उरलेला खडा

हात सोडा, पाव्हणं. सोडा म्हणतोय न्हवं? मनगट हाय माझं, बैलाचा कासरा न्हाई. शिट्टी तोंडापतुर आलीया आन् तुमी मधीच धरताय — ह्याला काय म्हणायचं? त्या बघा तिकडं, बयाबाईच्या टोळीतल्या बाया, बाभळीखाली पाट्या पालथ्या घालून त्यावर बसल्यात, सगळ्यांचं कान माझ्याकडं. ही शिट्टी वाजली की त्या उठणार, हिरीत उतरणार, फुटलेला दगड पाट्यांनी भरणार. शिट्टी म्हंजे काय — तर सगळं सुरुंग उडालं, खाली आता भ्या न्हाई, या बायांनो. कडेगावापासनं विट्यापतुर कुठल्याबी हिरीवर जाऊन इचारा, नानासोची शिट्टी झाल्यावर बाई उतरायची थांबली असं कधी झालं न्हाई. आन् तुमी आज दुपारच्या यष्टीनं आलेलं मानूस, अजून धड पाणी सुदिक प्यालेलं न्हाई, आन् माझा हात धरताय?

काय? सहाच? सहाच ऐकलं म्हणता? छ्या! सात भोकं, सात वाती, सात बार. आमच्यात रास मोजताना पहिल्या मापाला एक म्हणत न्हाईत, लाभ म्हणत्यात, तसंच मी बी पहिल्या बाराला लाभ म्हणतो — लाभ, दोन, तीन, मग चौथा-पाचवा जोडीनं गेला, मग सहा, सात. संपलं. जोडबार म्हणत्यात त्याला. दोन वाती सारख्याच जळाल्या की दोन सुरुंग एका दमात उडत्यात. नवख्याला वाटतंय एक, जाणत्याला कळतंय दोन. तुमचं कान नवखं, माझं अठरा वरसांचं. आता सोडा.

बरं. बरं, सोडू नका. एक बिडी होऊस्तवर थांबतो. तुमी लालासाहेबांचं पाव्हणं, हीर त्यांची, तुमचा मान ठेवलाच पायजे. बसा ह्या दगडावर. तकडं नको, हितं, बांधापाशीच, कडंपासनं लांब. बिडी वढता? न्हाई? मी वढतो. ह्या खिशात बंडल — हां, त्यो राहू द्या. त्यो खडा. द्या हिकडं. काय न्हाई ओ, बिडीबरुबर बाहेर आला. त्यो सापाच्या इषावर चालतोय, एका गोसाव्यानं दिलाय मला, हिमालयातनं आणलेला, दंशावर लावला की चिकटून बसतोय आन् ईष वढून काळा पडतोय. व्हय, पांढराच हाय. अजून साप चावला न्हाई म्हणून पांढरा.

तुमची बोटं लय पिवळी दिसत्यात ओ. सांगलीला हळदीत असता काय? मला वाटलंच. हळदीची बोटं मी लांबनं वळखतो. न्हाई? मग ऱ्हायलं. मानूस तुमी बोलायला लय जड. आलासा तवा निसतं इचारलंसा, ‘नानासो सुरुंगवालं कुठं भेटतील,’ आन् मी म्हटलं, तुमच्या म्होरंच हुबा हाय, तर माझ्याकडं असं बघितलंसा, जसा बाजारात कुणी बैलाचं दात बघतोय. मग हितं माझ्या शेजारी येऊन हुबं ऱ्हायलासा. वाती पेटल्या, आमी सगळी बांधाआड बसलो, मी सगळ्यांस्नी म्हशीची गोष्ट सांगितली — सगळी हसली, बयाबाई तर पदर तोंडात कोंबून हसली, तुमी न्हाई हसला. मी बघत व्हतो. म्हशीच्या गोष्टीला न हसणारा मानूस मला अठरा वरसांत भेटला न्हाई. एकच भेटला. त्याचं जाऊ द्या.

म्हशीची गोष्ट खरी हाय हां. लोकं म्हणत्यात नानासो थापा मारतो. आता बार जरा जड बसला, दगूड उडाला, बांधावरची म्हस भ्याली आन् थेट चिंचंवर चढली, तर ह्यात माझी काय थाप? चार दीस चिंचंवरच व्हती. मालकीण शिडी लावून धार काढायची. लोकांस्नी खरं सोसत न्हाई. तसंच अठ्ठेचाळीस सालचं. अठ्ठेचाळीसच्या काश्मीरच्या लढाईत म्या जमिनीत पुरलेलं सुरुंग चमच्यानं उकरून काढल्यात — साध्या चहाच्या चमच्यानं — सुभेदार म्हणायचा, ‘नानासो, तुम इन्सान नहीं, घूस हो.’ सातारला भरती झालो तवा छाती भरत नव्हती म्हणून दम कोंडून हुबा ऱ्हायलो, त्यो दम अजून सोडला न्हाई. हसा की गड्या जरा.

न्हाई. बरं.

त्यो धूर? कुठला? त्यो व्हय, उगवतीच्या कोपऱ्यातनं येतोय त्यो. बारीक हाय. धूळ असंल. बार झाल्यावर धूळ घटकाभर बसत न्हाई. वात जळल्याचा वास? दारूचा वास तर येणारच, सात बार झाल्यात. सात. तुमी सारखं सारखं असं बघू नका. अवं, एखादी वात दमट असली, मधीच इझून आत धुमसत ऱ्हायली, तर ती कवा पेट घील हे ब्रह्मदेवाला बी सांगता येत न्हाई, हे मी काय तुमच्याकडनं शिकायचं? पण तशी न्हाई ती. आन् समजा असली, तर? माणसाच्या हातात काय हाय, पाव्हणं? भोक पाडायचं, दारू भरायची, ठासायची, वात लावायची, पळायचं. उडायचं का न्हाई, दगडाला. लागायचं का न्हाई, पाण्याला. मरायचं का जगायचं — ते तर कुणाच्याच हातात न्हाई. आपुन सोसायचं. गप बसायचं. एवढं ज्याला कळलं त्यो सुखी.

हे माझं न्हाई, आदगोंडा पाटलाचं हाय. सांगलीच्या अलीकडं, कृष्णाकाठापासनं लांब, माळाला जमीन त्याची. जैन मानूस, मुंगी सुदिक चुकवून पाय टाकणारा. त्याची हीर म्या काढली. साठ फूट. काळा पाषाण असा की पहार घाला, पहारच वाकतीया. दोन हंगाम घातलं आमी तितं. मी आन् — दोघं व्हतो आमी. साठ फुटाला गेलो आन् खाली काय? कोरडं. फुफाटा. हिरीच्या तळाला बसून पत्रावळ मांडावी आन् जेवावं असं कोरडं. मला वाटलं आता म्हातारा रडंल, न्हाईतर आमच्या नावानं खडं फोडंल. त्यानं काय केलं — घरात जाऊन कस्तुरीला, म्हंजे त्याच्या लेकीला सांगितलं, पुरण घाल. आमास्नी सगळ्यांस्नी जेवाय वाढलं. वाढताना म्हणतोय कसा, ‘नानासो, खणणं माझं होतं, ते केलं की गा. पाणी माझं नव्हतं. जे माझं नव्हतं ते गेलं म्हणून कशाला रडायचं? घ्या, अजून एक पोळी घ्या की.’ आन् खरंच, डोळ्यांत टिपूस न्हाई, आवाज हाललेला न्हाई. असं मानूस मी लढाईत बी बघितलं न्हाई.

मी त्यो बोल उचलला. चांगलं काय दिसलं की मी उचलतो. कुणाचा बैल मेला, कुणाच्या शाळूवर गारा पडल्या, कुणाची लेक माघारी आली — नानासो जाऊन बसणार आन् सांगणार, ‘जे आपलं नव्हतं ते गेलं, रडायचं न्हाई.’ लोकांस्नी बरं वाटायचं. मला बी बरं वाटायचं. आता मला सांगा, त्यात वंगाळ काय हाय?

लालासाहेब हात करत्यात. बघितलं? इंजनाच्या खोपटात बसल्यात, त्यास्नी वाटतंय एवढा उशीर का. बाया बी चुळबुळ करायल्यात. ऊन बघा कसं झालंय. — ओ लालासाहेब! आलं, आलं! पाव्हण्यांशी बोलतोय! — त्यांनी काय म्हटलं? ‘कुठलं पाव्हणं?’ असं म्हटलं काय? वारा हाय, नीट ऐकू आलं न्हाई. तुमी त्यांचंच पाव्हणं न्हवं?

बरं, ऱ्हाऊ द्या ते. दुसरी बिडी वढतो. काडी पेटंना बघा. काड्या दमट झाल्यात.  

एकदाच असं झालंय. एकदाच. तुमाला कुणीतरी सांगितलं असणार, म्हणून तुमी माझा हात धरलासा. न्हाईतर परक्या मानसाला काय कळतंय जोडबार काय आन् काय. सांगितलं असंल, तर नीट ऐका, मी सांगतो. बाहात्तरच्या दुष्काळाच्या म्होरला उन्हाळा. पाण्यासाठी जित्या माणसाला झोप न्हाई, जो उठतोय त्यो हीर खोल कर म्हणतोय. आमी सातारकडच्या अंगाला एका माळावर व्हतो. जोडीदार माझा गुंडा. विट्याजवळचा. अकरा वरसं आमी दोघं. मी बोलायचो, त्यो भोकं पाडायचा. गरीब मानूस, खालच्या आवाजात बोलणारा, हसताना सुदिक दुसऱ्याकडं बघून हसायचा, हसू का असं इचारल्यागत. त्या दिवशी नऊ भोकं. नऊ वाती पेटवल्या, बांधाआड आलो. बार मोजलं. गुंडानं मोजलं. गुंडाच म्हणाला, ‘नऊ झालं, नानासो, मी खाली बघून येतो.’ आपणहून उतरला. आन् नववा खाली व्हता. झालं. फौजदार आला, पंच आलं, सगळ्यांनी ल्हिवून घेतलं, ‘मयतानं स्वतः मोजलं, स्वतः उतरला.’ आता ह्यात नानासोनं काय करायचं? जे माझ्या हातात नव्हतं ते —

तसा त्यो चुकायचा न्हाई मोजण्यात. ते बी सांगतो. त्याची रीत व्हती. तोंडानं मोजायचा न्हाई त्यो. जेवढी भोकं भरली तेवढं खडं मुठीत धरायचा — येरळंच्या पात्रातलं पांढरं खडं, गुळगुळीत, थैलीत घालून आणलेलं. एक बार झाला की एक खडा टाकायचा. मूठ मोकळी झाली म्हंजे हीर मोकळी. त्याची आय, बनुबाई, रास मोजताना तसंच करायची, तिच्याकडनं उचललं त्यानं. मी चेष्टा करायचो. मी म्हणायचो, ‘गुंड्या, लेका मिल्ट्रीत मिशीनगनच्या गोळ्या म्या तोंडानं मोजल्यात, तू नऊ बाराला नऊ खडं घेतोस? उद्या म्हशी मोजायला डोंगूर आणशील.’ लोकं हसायची. त्यो बी हसायचा, दुसऱ्याकडं बघून. पण खडा टाकायचा. मूठ उघडून मला दाखवायचा, मग मी शिट्टी वाजवायचो. अकरा वरसं असं. त्या दिवशी बी त्यानं मूठ उघडून दाखवली, तवा एक खडा —

बिडी इझली.

न्हाई, मी काय म्हणत व्हतो. मी म्हणत व्हतो, फौजदारानं ल्हिवून घेतलं. मघाशी मी काय बोललो? गुंडा म्हणाला नऊ झालं, असं बोललो न्हवं? बोललो. तुमी ऐकलं. आन् आता बोललो मुठीत खडा व्हता. दोन्ही तुमी ऐकलं. तुमाला ऐकायची लय वाईट खोड हाय, पाव्हणं. मानूस मधी मधी बोललं की थाप मारणाऱ्याला दम घ्यायला मिळतोय, दम घेतला की धागा जुळवता येतोय. तुमी बोलतच न्हाई. निसतं बसून ऱ्हाताय, आन् माणसाचं त्वांड आपुआप चालत ऱ्हातंय, उतारावरच्या गाडीगत.

वात पेटली की बार व्हईपतुर लोकं भिऊन बसत्यात. म्हणून मी गोष्ट सांगायचो. त्या दिवशी म्हशीचीच सांगितली. चिंचंवर म्हस चढली, मालकीण शिडी घेऊन आली — आन् लोकं अशी हसली, पाव्हणं, अशी हसली की दोन बार त्या हसण्यात गेलं. दोन गेलं का एक गेला, मला कळलं न्हाई. हे आज पयल्यांदा सांगतोय. कळलं न्हाई. सगळं थांबलं तवा गुंडा आला आन् मूठ उघडली. एक खडा. म्हणाला, ‘नानासो, एक हाय अजून.’ खालच्या आवाजात. मी म्हणायला पायजे व्हतं, ‘मला मोजता आलं न्हाई, गड्या, थांबू या उद्या सकाळपतुर.’ एवढं बोलायला किती ताकद लागती? पण चारपाचशे गोळ्या मोजलेला मी, पंधरा मानसं म्होरं हसतायत, आन् मी म्हणायचं मला नऊ मोजता आलं न्हाईत? मी म्हटलं, ‘जोडबार व्हता, लेका. पाचवा-सहावा. तुझा खडा म्हशीनं परत आणून दिला काय?’ परत हसली सगळी. त्यो न्हाई हसला. त्या दिवशी त्यो पयल्यांदा न्हाई हसला. माझ्याकडं बघत हुबा ऱ्हायला, मूठ मिटून. आन् मी —

मी शिट्टी वाजवली.

बाया उठल्या. पाट्या उचलल्या. तवा त्यो पळाला. त्यास्नी आडवा हात करून, ‘थांबा, मी बघून येतो, मग या,’ असं म्हणत पायऱ्या उतरला. नऊ झालं म्हणून उतरला न्हाई त्यो, पाव्हणं. नऊ झालं न्हाईत म्हणून उतरला. माझी शिट्टी परत घेता येत नव्हती, म्हणून त्यो बायांच्या आन् त्या सुरुंगाच्या मधी गेला.

अठ्ठेचाळीसला मी भटारखान्यात व्हतो. बटाटं सोलत. म्या मिशीनगन लांबनं बघितली, गाडीवर चाललेली. सुरुंग तर तकडं एकबी बघितला न्हाई. आता सगळंच सांगायचं तर हे बी घ्या.

गुंडाला वर म्या काढला. दुसरं कुणी उतरंना. त्याची उजवी मूठ आवळलेली, तशीच. लोकं वर व्हती, धूर व्हता, कुणाला दिसत नव्हतं. म्या बोटं उकलली. एक एक. उकलत नव्हती. मग वर आणला आन् फौजदार आल्यावर म्या सांगितलं, त्यानंच मोजलं, मूठ मोकळी दाखवली मला. पंचांनी मूठ बघितली. मोकळीच व्हती.

व्हय. त्योच हा. सापाबिपाच्या इषावरचा न्हाई.

मग त्याच्या घरी गेलो. बनुबाई ओसरीला बसली व्हती, पायांत जातं घेऊन, दळत नव्हती, निसतं बसली व्हती. मी माझं नेहमीचं काढलं — ‘म्हातारे, आपल्या हातात काय हाय? जे आपलं नव्हतं ते गेलं.’ सगळ्यांस्नी बरं वाटणारा बोल. तिनं ऐकून घेतलं. मग इचारलं, ‘त्याच्या हातात काय व्हतं?’ मी म्हटलं, काय न्हाई. तिनं परत इचारलं. मी परत म्हटलं, काय न्हाई. तिसऱ्यांदा न्हाई इचारलं. मान हालवली, जशी काय माप भरलं. आन् जात्याचा खुटा धरून दळाय लागली. जात्यात दाणा नव्हता, पाव्हणं. दगडावर दगूड. त्यो आवाज ऐकत मी विट्यापतुर चालत गेलो, यष्टी सुदिक धरली न्हाई.

आदगोंडा पाटलाकडं गेलो. म्हटलं तो तरी मला पाठीवर हात ठेवून म्हणंल, तुझं नव्हतं ते गेलं. त्याला सगळं सांगितलं न्हाई. फौजदाराला सांगितलं तेवढंच सांगितलं, वर त्याचाच बोल त्याला ऐकवला. म्हातारा सुपात शेंगा निवडत व्हता. मान वर न करता म्हणाला, ‘उडणं आपलं नव्हतं, खरं की. मोजणं कुणाचं होतं, नानासो?’ बास. एवढंच. सूप उचललं आन् आत गेला. पाणी सुदिक इचारलं न्हाई, मुंगीला चुकवणारा मानूस. तवापासनं मी त्या वाटंला गेलो न्हाई. त्याचा बोल मात्र सोडला न्हाई. लोकांस्नी सांगतो. रोज सांगतो.

धूर वाढला काय ओ? मला बी वाढल्यागत दिसतोय. निळा दिसतोय. धूळ निळी नसती.

ही अशी ऱ्हाऊ द्या शिट्टी. न्हाई वाजवत. आता माझं मनगट सोडा, मी वाजवत न्हाई. — बयाबाई! ए बयाबाई! बसा! कुणी उठायचं न्हाई! का म्हणजे? नानासो म्हणतोय म्हणून! — बघा, हसली. तिला वाटतंय चेष्टा हाय. एवढी वरसं चेष्टा केली की खरं बोललं तरी मानसं हसत्यात. — बयाबाई, बस म्हणतोय! सहाच झाल्यात! मला सहाच ऐकू आलं! — आता बसली. त्वांड उतरलं बघा तिचं.

म्हटलं. सहाच म्हटलं, सगळ्यांच्या म्होरं. लालासाहेब बी खोपटाच्या बाहेर आल्यात. येवढं सोपं व्हतं बघा. दीड वरस आदी म्हटलं असतं तर —

तुमी डाव्या हातानं माझं मनगट धरलंय. मगापासनं डाव्या. उजव्या मुठीत काय हाय? मी मगाशी बघितलं, वाटलं तंबाकू असंल. पण तुमी बिडी वढत न्हाई, पान खात न्हाई. आन् ती बोटं. हळदीत न्हाई तुमी. हळदीचा पिवळा धुतला की जातोय, ह्यो कातड्यातनं आत गेलाय. अशी बोटं मी ऐकल्यात. बघितली न्हाईत, ऐकल्यात. गुंडा सांगायचा — ‘माझा धाकला भाऊ तिकडं लांब, मुलखाच्या टोकाला, सोनं गाळायच्या दुकानात हाय, तेजाबात हात घालून घालून बोटं अशी पिवळी झाल्यात की हळद लागल्यागत दिसत्यात, आय म्हणती ह्याचं रोजच लगीन.’ हसायचा सांगताना. दुसऱ्याकडं बघून.

मूठ उघडा.

उघडा, पाव्हणं. मला ठावं हाय काय हाय, पण मला बघू द्या.

एकच. उरलेला एक. सहा टाकलं. तुमच्या पायापाशी पडल्यात की सगळं, मी आंधळा, म्या बघितलंच न्हाई. येरळंचं पांढरं. हे तुमाला बनुबाईनं दिलं? तिनं धाडलं तुमास्नी? न्हाई, नका सांगू. सयाजी नव्हं तुमी? गुंडा तुमास्नी सयाजी म्हणायचा. सयाजी, तू — तुमी — दुपारपासनं माझ्या शेजारी —

— —

आय गं.

दगूड बघा. दगूड बघा, त्या बाभळीपतुर गेला. बयाबाई! लागलं का कुणाला? न्हाई? सगळ्या हाईत का? मोज की! एक एक हात वर करा! ... सात. सातीबी बाया हाईत. कुणाला काय न्हाई, सयाजी. ऐकलं न्हवं? उगवतीचा कोपरा. सातवा.

टाका. टाका त्यो खडा. झाला त्याचा बार.

हां.

आता धूर बसू द्या. बसला की — ही घ्या. गळ्यातनं काढतो, दोरी अडकलीया, थांबा. ही शिट्टी तुमी वाजवायची. मी न्हाई. ज्यानं मोजलं त्यानं वाजवायची, अकरा वरसं त्यो मूठ उघडून मला हेच सांगत व्हता. लालासाहेब इकडंच यायल्यात, त्यास्नी काय सांगायचं ते मी सांगतो. फौजदाराला बी. तुमी काय बोलू नका, तसं तुमी बोलत न्हाईच.

आन् हा दुसरा. गुंडाचा. घ्या, न्या बनुबाईला. तिनं दोनदा इचारलं व्हतं, दोन्ही वेळंला मी खोटं बोललो, तिसऱ्यांदा तिच्या हातात हा द्या. घ्या की. हात म्होरं करा.

न्हाई?

माझ्याकडंच?

बरं. व्हय. ज्याचा त्याच्याकडं. ह्यो टाकता येणार न्हाई, ह्याचा बार माझ्याच शिट्टीवर झालाय. बरं.

धूर बसला बघा. वाजवा. ... बाया उठल्या. — जावा आता, सयाजी. साडेतीनची यष्टी कुणासाठी थांबत न्हाई. माझ्याकडं बघत हुबं ऱ्हाऊ नका. जावा म्हणतोय न्हवं.